कानावरची खपली

माझी सगळी हयात निफाडच्या द्राक्षबागेत गेली. एप्रिलातली खरड छाटणी म्हणजे भर उन्हातलं काम. काड्या छाटल्या की मांडवाखाली सावली म्हणून उरत नाही. सत्तरी आली तसा मुलाकडे गंगापूर रोडला राहायला आलो. इथे आल्यावर डाव्या कानाच्या वरच्या कडेवर खपली धरायला लागली. ती निघायची, जरा रक्त यायचं, पुन्हा धरायची. सौ. खोबरेल लावत होती. सून म्हणाली, "बाबा, महिनाभर भरत नाही ती जखम दाखवायलाच पाहिजे."

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी दिव्याचं भिंग, डर्मोस्कोप म्हणतात ते, कानाला लावलं. मग टक्कल, मान, हात आणि शेवटी पायाचे तळवेसुद्धा पाहिले. तळवे कशाला, असं मी विचारलंच. "मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, आपल्याकडे बऱ्याचदा तळपायावर निघतो, काका. तिथल्याचा उन्हाशी संबंध नसतो, पण बघायचं तर सगळंच बघायचं." सावळ्या कातडीला मेलॅनिनचं, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याचं, संरक्षण असतं, म्हणून उन्हाचा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात कमी. पण होतो तेव्हा काही वेळा काळ्या तिळासारखा दिसतो आणि कुणी लक्ष देत नाही.

बायोप्सीत भुलीची सुई टोचली तेवढंच दुखलं. रिपोर्टची वाट पाहणं त्याहून जड गेलं. निघालं ॲक्टिनिक केराटोसिस. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण वर्षानुवर्षांच्या उन्हानं बिघडलेली कातडी. असे काही डाग पुढे कॅन्सरकडे वळतात, कोणते ते आधी सांगता येत नाही. म्हणून उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन फवारून तो गोठवला. फोड आला, खपली पडली, पांढरट डाग राहिला. सावळ्या कातडीवर तसा राहू शकतो हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

खरं काम त्यानंतरचं. माझी पांढरी टोपी बाईंनी हातात घेऊन फिरवून पाहिली. टाळू झाकते, पण कान, मान, नाक सगळं उघडं! आता सगळीकडून रुंद काठाची हॅट घालतो. गावाकडे गेलो की "काय साहेब!" होतं, होऊ दे. बागेत मजुरीला येणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून तोंड-मान फडक्यात गुंडाळतात. आम्ही पुरुष त्यांना हसायचो, पण बरोबर त्याच होत्या.

दहा ते चार उन्हात जायचं नाही, हा नियम शेतकऱ्याला सांगणं सोपं. मी बागेत सकाळी लवकर जातो आणि दुपारी मजुरांचा हिशोब करत बसतो. झाकता येत नाही तिथे सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढं, निघायच्या पाव तास आधी, आणि बाहेर असलो तर दर दोन तासांनी. कान आणि टक्कल विसरायचे नाहीत. चिकट वाटतं, पण माझ्या मते कपडा आणि वेळ पाळली नाही तर नुसत्या क्रीमचा भरवसा धरू नये.

थंडीचा भाग मला नवीन होता. डिसेंबरात निफाड गारठतं, शेकोट्या पेटतात, तरी दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे कातडी बिघडवणाऱ्या किरणांचा जोर सांगणारा आकडा, ३ च्या वरच असतो, आणि ३ पासून पुढे जपायचं असतं. एप्रिल-मेमध्ये तो ११ च्याही पुढे जातो. गारवा असला म्हणून किरण कमी होत नाहीत.

आणखी एक. बाईंनी माझ्या सगळ्या गोळ्या मागवून घेतल्या. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. त्यानं कातडी उन्हाला जास्त हळवी होते आणि बरीच वर्षं घेतल्यास त्वचेच्या काही कॅन्सरचा धोका वाढतो. मनानं बंद करू नका, असं त्यांनी बजावलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती बदलून दिली, बीपी ठीक आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तोवर कानामागचं आणि टकलावरचं सौ. चष्मा लावून बघते.