पेनल्टीच्या चौकटीबाहेर दोन पावलं

रिओला उतरलो ते गालेआव विमानतळावर. रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलेलं, त्यामुळे टॅक्सीत बसलो आणि पुलावरून थेट शहर गाठलं. ज्याच्यासाठी वाट वाकडी करून आलो होतो, तो ब्राझीलचा फुटबॉलपटू, डावा बॅक निल्टन सांतोस याच बेटावर जन्मलेला, १६ मे १९२५ ला! विमानतळ ज्या इल्या दो गव्हर्नादोर बेटावर आहे तेच हे बेट, हे दोन दिवसांनी लक्षात आलं. कपाळावर हात मारून घेतला.

मी शाळेत फुलबॅक होतो. म्हणजे ज्याला गोल मारता येत नाही आणि गोलकीपर व्हायचीही ज्याची तयारी नाही, असा मुलगा. ‘तू मागेच थांब’ एवढीच आमच्या सरांची सूचना. त्यामुळे डाव्या बगलेचा एक बॅक चेंडू घेऊन पुढे धावतो, गोल मारतो आणि तरी त्याची जागा जात नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा या माणसाने मला खिशात टाकलं.

पहिल्यांदा बोताफोगो भागात जनराल सेव्हेरियानोला, म्हणजे बोताफोगो क्लबाच्या मुख्यालयात गेलो. क्लबाची वाड्यासारखी देखणी इमारत उभी आहे. जुनं स्टेडियम मात्र गेलं, आणि शेजारी मॉल. निल्टन १९४८ साली या क्लबात आला आणि १९६४ ला थांबला तोही इथूनच. दुसरा क्लब नाहीच. कोऱ्या करारावर सही करायचा, असं सांगतात. सातशेहून जास्त सामने. आजच्या खेळाडूंच्या बदल्यांचे आकडे वाचले की हे पुराणातलं वाटतं.

पुढे ब्राझीलचा मोठा खेळाडू ठरलेल्या गारिंचाची गोष्टही याच मैदानावरची. १९५३ साली एक वाकड्या पायांचा मुलगा चाचणीला आला. त्याच्यासमोर उभा केला निल्टनला, तेव्हाच राष्ट्रीय संघात असलेल्या बॅकला. पोराने चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढला म्हणे. दुसरा एखादा पुढच्या वेळी त्याची नडगी फोडता. निल्टनने क्लबाला सांगितलं, याला घ्या, हा समोरच्या संघात गेला तर माझी झोप उडेल. गोष्टीला थोडं मीठमसाला लागला असेल, पण पुढे निल्टन थांबेपर्यंत दोघं एकाच संघात खेळले हे तर खरंच.

तिथून मेट्रोने सेंत्राल, आणि सेंत्रालवरून उपनगरी गाडी. डब्यात शेंगदाणे, पाणी, मोबाइलच्या वायरी विकणारे एकामागून एक येत होते. मी गोल कड्यासारखी पोल्विल्यो बिस्किटं घेतली. कसाव्याच्या पिठाची, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या घरातलीच. तोंडात टाकली की हवा होतात. उपवासाला चालतील का, याचा निवाडा आईवर सोपवलाय.

उतरायचं स्टेशन एंजेन्यो दे देन्त्रो. मराठीत सांगायचं तर ‘आतलं गुऱ्हाळ’. आता ना ऊस, ना काहिली. स्टेशनलगत रेल्वेच्या जुन्या कारखान्याची जागा आणि तिथेच २००७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेसाठी बांधलेलं स्टेडियम. आधी त्याला फिफाचे माजी अध्यक्ष जोआव आव्हेलांज यांचं नाव होतं, २०१७ पासून अधिकृतपणे निल्टन सांतोसचं आहे. सामना नव्हता, फाटक बंद. बाहेर त्याचा पुतळा आहे. ऊन असं की हात लावला तर चटका बसला. एक आजोबा नातवाला घेऊन आले, नातवाला पायाशी उभं केलं, फोटो काढला आणि चालते झाले. मी मात्र बराच वेळ थांबलो.

त्याला ‘एन्सिक्लोपेदिया’ म्हणायचे, विश्वकोश. मला वाटतं त्याचं खरं ज्ञान जागेचं होतं. १९५० च्या विश्वचषकात तो संघात होता, पण एकही सामना खेळला नाही. रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेने २-१ ने ब्राझीलला रडवलं आणि खापर डाव्या बाजूच्या बिगोदेवर फुटलं. १९५४ ला बर्नमध्ये हंगेरीच्या बोझिकशी हातघाईवर आला, दोघेही बाहेर. १९५८ ला स्वीडनमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध चेंडू घेऊन निघाला, तेव्हा प्रशिक्षक फेओला बाकावरून ‘मागे ये, मागे ये’ ओरडत होते. गोल झाल्यावर शाबासकी देणारेही तेच. आमच्या सरांना हे दाखवायला हवं होतं. त्या स्पर्धेत त्याच्या जर्सीचा क्रमांक १२ आणि गोलकीपर जिल्मारचा ३! आकड्यांची सगळीच गंमत.

पण मला सगळ्यात आवडतं ते ६ जून १९६२. चिलीतलं व्हिन्या देल मार. पेले जखमी, स्पेन एक गोलने पुढे. ३७ वर्षांच्या निल्टनने चौकटीच्या आत स्पेनच्या कोल्यारला पाडलं. पंच लांब होते. निल्टन हात वर करून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने दोन पावलं टाकून चौकटीबाहेर येऊन उभा राहिला. पंच आले, तो उभा होता तिथे पाहिलं आणि पेनल्टीऐवजी फ्री किक दिली. नंतर त्याच्याच क्लबातल्या अमारिल्दोने दोन गोल केले, ब्राझील जिंकलं आणि पुढे विश्वचषकही. ही लबाडी आहे, त्याला दुसरं नाव नाही. स्पॅनिश माणसासमोर मी हे कौतुक करणार नाही. पण पळून गेला असता तर पंचांना शंका आली असती, आणि तिथेच थांबला असता तर पेनल्टी ठरलेली. दोनच पावलं! घामाघूम माणसाला तेवढ्यात हे सुचावं?

निघायच्या दिवशी तासभर आधी टॅक्सी मागवली, बेटावर चक्कर मारू म्हणून. ट्रॅफिकने तो तास खाल्ला. चालक फ्लामेंगो क्लबाचा चाहता, म्हणजे बोताफोगोच्या वैऱ्यांकडचा. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये मी निल्टन सांतोसचं नाव घेतलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, स्टीअरिंगवरचा हात उचलून खिडकीबाहेर लांब दाखवला आणि म्हणाला, ‘फोरा दा आरेया!’ चौकटीच्या बाहेर! आणि पुलावर चढेपर्यंत हसत राहिला.