हरेगावच्या वाटेवर, पोरांसोबत

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला चर्चची पोरं घेऊन राहात्याहून शुक्रवारी दुपार कलल्यावर पायी निघालो. शुक्रवार म्हणून जपमाळेत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग. बाभळेश्वरपर्यंत दुधाचे टँकर इतक्या जवळून जात होते की निम्मी जपमाळ "कडेनं चला रे" असं ओरडण्यातच गेली. सप्टेंबरचं ऊन आणि पावसानं उखडलेली साइडपट्टी. टेम्पोवरच्या स्पीकरचा तर रागच आला होता. टेम्पोवरची माउलीची मूर्ती दिसली की राग ओसरायचा, स्पीकर खरखरला की परत यायचा.

मंडळातल्या थोरल्यांचं म्हणणं होतं, पोरं हरेगावपर्यंत टिकायची नाहीत, निम्म्यातून गाडीत बसतील. हे मला फार लागलं होतं. मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, तरुण येत नाहीत म्हणून आपल्याकडे सगळे हळहळतात. पण त्या तरुणांना कुणी शेजारी बसवून "बाबा, तुझं काय चाललंय" असं विचारत नाही. मला चालता चालता तेवढंच विचारायचं होतं.

बाभळेश्वरचा मुक्काम झाला. खिचडी, मच्छर, पहाटेची प्रार्थना.

शनिवारी आनंदाची रहस्यं. दुसरं रहस्य मरियेनं आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला दिलेल्या भेटीचं. मी पोरांना थांबवून सांगितलं, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरिया घाईनं डोंगराळ मुलखात निघते, ती तुमच्याच वयाची होती. 2023 मध्ये लिस्बनला कॅथलिक तरुणांचा जागतिक युवा दिन झाला, त्याचं बोधवाक्यही याच ओळीतून घेतलेलं. एकीनं विचारलं, "एवढं लांब ती एकटीच गेली?" शास्त्रात सोबतीचं नाव नाही, एवढंच मी म्हणालो. मग तो विषय पुढची कितीतरी शेतं पोरींमध्ये चालला. जपमाळ अर्धीच राहिली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आमच्यात एक पोरगा होता, बारावीचा. वडील गेल्यापासून चर्चची पायरी चढला नव्हता. आईनं पाठवलं म्हणून आलेला. सगळ्यांच्या मागं, कानात इअरफोन, कुणाशी बोलणं नाही. खंडाळ्याच्या अलीकडे दुपारी तो लंगडायला लागला. नव्या चपलेच्या पट्ट्यानं अंगठ्याशेजारी कापलं होतं, फोड फुटून कातडी लोंबत होती. टेम्पोत बस म्हटलं तर मान हलवली. रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याचं. आतल्या चाचांनी न विचारताच बाकडं बाहेर ओढलं. "हरेगावच ना? बसव त्याला."

पाण्याच्या टबाशेजारी सायकलची जुनी ट्यूब टांगलेली होती. चाचांनी कात्रीनं तिची दोन बोटं रुंद कडी कापली, आतली पांढरी भुकटी लुंगीला पुसली आणि कडी पट्ट्यावर चढवली. बसेना. परत काढून थोडी चिरली. पोरगा म्हणाला, "राहू द्या चाचा." "गप बस. अजून लई चालायचंय तुला." मग स्वतःच्या डब्यातलं खोबरेल त्याच्या हातावर ओतलं. मी पैसे पुढं केले तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरालाच म्हणाले, "माझी नात आजारी असते. तिच्या नावानं एक मेणबत्ती लावशील? तूच लाव."

तो "हो" म्हणाला. दोन दिवसांत त्याच्या तोंडून क्वचितच शब्द ऐकला होता. निघताना त्यानं नातीचं नाव विचारून घेतलं आणि इअरफोन खिशात टाकले.

श्रीरामपूर आलं, गेलं.

पुढं एका थोरल्यानं माझ्या कानाशी विचारलं, ती सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट चर्चची) मुलगी आपल्या कॅथलिकांत कशाला, त्यांच्यात जपमाळ नसते. मी चिडलो. चिडूनच म्हणालो, ती सकाळपासून दोघींच्या पिशव्या वाहतेय, तुम्ही काय वाहिलंत? जपमाळेच्या वेळी ती आपली शांत चालायची. भजन लागलं की ढोलकी तिच्याकडे, आणि आमचे ठेका चुकणारे तिच्यामुळे ताळ्यावर यायचे. प्रभूच्या नावानं दोघे-तिघे जमतील तिथं तो असतो, हे आम्हाला दोन्हीकडे शिकवलेलं आहे.

हरेगावला अंधार पडला होता. माझे आजोबा इथल्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यात मजुरी करायचे. त्या बाजूला बघून हात जोडले. पाळणे, शिट्ट्या, चेंगराचेंगरी. रांगेत माझा पाय दोनदा तुडवला गेला. तो पोरगा पुढं होता. त्यानं दोन मेणबत्त्या घेतल्या. एक लावताना नातीचं नाव मोठ्यानं घेतलं. दुसरी वडिलांच्या नावानं लावली आणि तिथंच रडायला लागला. ढोलकीवाल्या मुलीनं आणि इतरांनी त्याच्याभोवती हात धरून कडं केलं, मागच्या गर्दीचा लोंढा पाठीवर घेत. मी मध्ये पडलो नाही. त्यांचं ते करत होते.

परतीच्या टेम्पोत त्या मुलीनं विचारलं, पुढच्या वर्षी आमच्या मंडळीतली आणखी पोरं आणू का, पाळकसाहेबांना विचारून? मी म्हटलं, आण. भजनं तूच बसव. आता नाताळच्या गाण्यांचा सराव दर शनिवारी आहे, आणि पेटी तो बारावीचा पोरगा वाजवतो.