हॉलमध्ये चार म्हशी

परवा दुपारी समोरच्या फ्लॅटमधलं नवं जोडपं सोफ्यासाठी हॉल मोजत होतं. टेपचं एक टोक मला धरायला दिलं. "काका, अकरा बाय सोळा," तो म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे चार म्हशी. मागे नालीला फूटभर उरतं." दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

खोड जुनी आहे. आबांचा हिशेब ठरलेला, म्हशीला चार फूट रुंदी नि दहा फूट लांबी, गव्हाण वेगळी. मी अजून कुठेही गेलो की मनात खुंट ठोकतो. होमलोनच्या साहेबांची केबिन दोन म्हशी नि एक रेडकू. बायको म्हणते, निदान पाहुण्यांकडे गेल्यावर तरी मोजू नका.

मखमलाबाद रोडला आज आमची सोसायटी उभी आहे, तिथे 26 गुंठ्यांत आमचा गोठा होता. बावीस म्हशी, आणि आजीच्या हट्टापायी एक डांगी गाय. इगतपुरीकडची जात, अंगाला तेलकटपणा, धो धो पावसातही बाईसाहेब मजेत. दूध मात्र जेमतेम. आबा म्हणायचे, "ही पगारावर नाही, पेन्शनीवर आहे."

पहाटे चारला रेडकू सोडायचं. त्यानं दोन ढुशा दिल्या की म्हैस पान्हा सोडायची. मग त्याला ओढून खुंटाला बांधायचं, तेही रोज तितक्याच रागानं मागे वळून बघायचं. आबा उकिडवे, गुडघ्यांत बादली. पहिली धार पत्र्यावर चर्र वाजायची. फेस चढला की तोच आवाज जाड, घसघशीत व्हायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, बादली निम्मी झाली, आता उठायला हवं. मग सायकलला कॅन अडकवून पंचवटीतले रतीब. 1991 च्या सिंहस्थात तपोवनात एक साधू रोज दोन लिटर घ्यायचे आणि पैशांऐवजी आशीर्वाद द्यायचे. आबांनी आठ दिवस आशीर्वाद जमा केले, नवव्या दिवशी उधारीची वही पुढे केली.

2003 चा सिंहस्थ उरकला आणि वर्षभरात गोठा उठला. शेजारच्या नव्या कॉलनीनं माशांबद्दल अर्ज केला होता. सह्या करणाऱ्यांत आमचे सात रतीबवाले होते. पण खापर त्यांच्यावर कशाला फोडू? आम्हा तिघा भावांत चारला उठणारा एकही उरला नव्हता. आबांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "उद्यापासून कोण उठणार?" आम्ही तिघंही चहाच्या कपात बघत बसलो.

बिल्डरनं सोसायटीला इंग्रजी नाव दिलं. मी राहतो तिथेच, पण रिक्षावाल्याला सांगताना जीभ अडखळते. 'गोठ्यापाशी' म्हटलं की जुना माणूस बरोबर आणून सोडतो.

यंदा पहिला वळीव पडला त्या रात्री पार्किंगमध्ये वास सुटला. ओलं शेण, मूत, सरकीची पेंड, सगळं एकत्र. वीस वर्षं फरशीखाली दबलेला वास वर येतो का, देव जाणे. मला मात्र आला. नाकाला रुमाल लावून सेक्रेटरी खाली उतरले. ड्रेनेज फुटलंय म्हणाले. सकाळी प्लंबरनं सगळे चेंबर उघडले. सगळे कोरडे ठणठणीत. मी चौथ्या खांबापाशी उभा होतो. तिथे चंद्री बांधलेली असायची.

"काका, तुम्हाला येतोय का वास?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही बुवा," मी म्हणालो.

प्लंबरचे पाचशे रुपये मेंटेनन्समधून गेले.