‘संस्कृती’ या रकान्यात काय लिहावे?

मी कॅनडात, सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरील एका लहान प्रादेशिक संग्रहालयात वस्तुसंवर्धक म्हणून काम करते. आमच्या नोंदपत्रकात वस्तू कोणत्या समाजाची हे लिहायला ‘संस्कृती’ असा एक रकाना असतो. देणगी म्हणून येणाऱ्या पेट्यांवर देणाऱ्याने काहीतरी लिहिलेले असते, आणि ते जितके ठाम तितके अधिक तपासून घ्यावे लागते, हे या कामात फार लवकर कळते. गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका पेटीवर ‘ओजिब्वे आत्म्यांची हस्तकोरीव लाकडी शिल्पे’ असे लिहिले होते; ओजिब्वे म्हणजे या सरोवराच्या परिसरातले मूळ आदिवासी लोक. सरोवराकाठचे जुने सुट्टीचे घर विकताना एका कुटुंबाने ती आमच्याकडे दिली होती. आत झाडाच्या जाड सालीत कोरलेले दाढीवाल्या म्हाताऱ्यांचे चार चेहरे होते, पंख पसरलेला एक मोठा थंडरबर्ड होता, म्हणजे ज्याच्या पंखांतून मेघगर्जना उठते असे ओजिब्वे मानतात तो पक्षी, आणि तळाशी लाल कापडात घट्ट गुंडाळलेली वीतभर लांबीची एक वस्तू होती.

लाकडाची कोणतीही वस्तू आली की ती आधी प्लास्टिकमध्ये हवाबंद करून शीतपेटीत जाते, कारण एका पोखरकिड्याने आख्खे भांडार धोक्यात येऊ शकते. त्यानंतर क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या, हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने आर्सेनिक आणि पारा तपासायचा. जुन्या संग्रहांवर किडीसाठी ही विषे सर्रास मारली जात असत, आणि आज ज्यांच्या पूर्वजांच्या त्या वस्तू आहेत ते लोक त्यांना हातमोज्यांशिवाय स्पर्श करू इच्छितात. ही पेटी त्या बाबतीत स्वच्छ निघाली. लाल कापड मी सोडले नाही. तशा गाठोड्याला संबंधित समाजातील जाणत्या व्यक्तीशिवाय हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो आमच्या मोजक्या शहाण्या नियमांपैकी एक आहे.

आमच्या संग्रहपालांचे मत मात्र पेटी उघडताक्षणीच ठरले होते. सालीतले दाढीवाले चेहरे अमेरिका आणि कॅनडातील हौशी कोरीवकाम करणाऱ्यांमध्ये अत्यंत लोकप्रिय असून ‘वुड स्पिरिट’ या नावाने जत्रांतून विकले जातात. त्यांचे मूळ युरोपीय लोककथांतल्या वनपुरुषांकडे जाते, ओजिब्वे लोकांच्या मनिदूंकडे, म्हणजे आत्म्यांकडे, नाही. हे सर्वसाधारणपणे खरेच आहे. थंडरबर्ड मात्र त्यांना फारच आवडला. जाड काळ्या बाह्यरेषा, देहाच्या आत दिसणारे अवयव, अंगातून बाहेर पडणाऱ्या शक्तिरेषा, असे त्याचे रूप होते. निपिगॉन सरोवराजवळ वाढलेले ओजिब्वे चित्रकार नॉर्व्हल मॉरिसो यांनी 1962 साली टोरांटोत पहिले एकल प्रदर्शन भरवले तेव्हा त्यातली सगळी चित्रे विकली गेली, आणि आज ही शैली ‘वुडलँड’ म्हणून ओळखली जाते. पक्षी दर्शनी दालनात लावावा आणि दाढीवाले ‘बिगरआदिवासी कारागिराची स्मरणवस्तू’ अशी नोंद करून परत पाठवावेत, असा त्यांचा प्रस्ताव होता. देणगीवरील करसवलतीसाठी मूल्यनिर्धारकाने दिलेली किंमतही त्याच चालीची होती: पक्ष्याला घसघशीत आकडा आणि दाढीवाल्यांना किरकोळ. त्या मूल्यनिर्धारकाने सगळे काम छायाचित्रांवरून उरकले होते. ज्या धंद्यात वस्तू उलटी करून पाहणे हे निम्मे काम असते, तिथे छायाचित्रांवरून किंमत ठरवण्याची मुभा कोणी आणि का दिली, हे मला आजवर समजलेले नाही.

माझ्या टेबलावर दोन्ही प्रकार वेगळेच बोलू लागले. अंधाऱ्या खोलीत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा तिरपा प्रकाश टाकला, की हत्याराची प्रत्येक खूण स्वतःची सावली पाडते. सालीत दाढी कोरणारे लोक सहसा व्ही आकाराच्या पटाशीने केस ओढतात आणि त्यांच्या खाचा तळाशी टोकदार असतात. इथे प्रत्येक केस म्हणजे उथळ, किंचित अंतर्वक्र, एकाच ओढीत काढलेला काप होता, आणि कापाची दिशा कारागिराच्या छातीकडे येणारी होती. अशी खूण वाकड्या पात्याच्या चाकूची असते. तो तळहात वर करून स्वतःकडे ओढत चालवतात, आणि सुपीरियरच्या परिसरात भूर्जाच्या होड्यांच्या फासळ्या, वल्ही व स्नोशूच्या, म्हणजे बर्फावर चालायला पायांना बांधायच्या जाळीदार पादत्राणांच्या, चौकटी पिढ्यानपिढ्या त्यानेच तासल्या गेल्या. शिवाय चारही चेहऱ्यांवर प्रत्येक कापाच्या त्याच बाजूला एक केसाएवढी बारीक उंच रेघ राहिली होती, म्हणजे पात्याला एके ठिकाणी दाता पडलेला होता आणि चारही चेहरे त्याच पात्याने कोरले होते. साल होती कॉटनवुडची. इतकी जाड साल प्रेअरीतल्या नद्यांकाठच्या म्हाताऱ्या झाडांवर मिळते, आमच्या किनाऱ्यावर नव्हे.

पक्ष्याच्या खाचांचे तळ एकसारख्या खोलीचे, फिरत्या यांत्रिक पात्याने खरवडलेले होते, आणि कडांवर नंतर हाताने चार-दोन काप मारून ‘हस्तकोरीव’पणा आणलेला दिसत होता. ओजिब्वे परिसरातले कोरीवकामाचे लाकूड म्हटले की बासवुड किंवा पांढरे सीडर आठवते. हे लाकूड बासवुडसारखेच फिकट आणि एकजीव होते, पण मागच्या बाजूला, जिथे रंग पोचला नव्हता, तिथे जागोजागी बारीक चिरा होत्या, जणू कोणी नखाने टोचल्या असाव्यात. त्या चिरा म्हणजे चिकाच्या वाहिन्या, आणि त्या जेलुटाँग या लाकडाची ओळख आहेत. जेलुटाँग मलेशिया-इंडोनेशियात वाढते. ते इकडच्या दुकानांतही कोरीवकामासाठी विकत मिळते, त्यामुळे केवळ लाकडावरून पक्षी परदेशी ठरत नाही, हे मी अहवालात स्पष्ट लिहिले. संग्रहपालांनी अहवाल वाचून “रोचक आहे” असे म्हटले. या इमारतीत त्या शब्दाचा अर्थ ‘बघू’ असा होतो.

आमच्या सल्लागार गटातल्या एक ज्येष्ठ ओजिब्वे बाई गाठोडे पाहायला आल्या, त्या दिवसाबद्दल हे सगळे लिहायचे आहे. त्या येण्याआधी आम्हाला खोलीतील धूरसूचक यंत्रणा बंद करून घ्यावी लागली, कारण कामाच्या सुरुवातीला त्या सेज ही सुगंधी वनस्पती जाळून धूर देतात. त्यासाठी इमारत विभागाला आधी अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज दर वेळी कोणाच्या तरी टेबलावर हरवतो. ज्ञान मागायचे तर आधी तंबाखू द्यायचा असतो, तो मी दिला, त्यांनी तो घेतला, आणि मग गाठोड्याकडे वळण्याऐवजी त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, जिथे दाढीवाले परतीच्या खोक्यात भरण्यासाठी मांडून ठेवले होते.

त्यांनी पहिला चेहरा उचलला आणि समोरून न पाहता सरळ उलटा केला. पाठीमागे टांगण्यासाठी कातडी वादीचा फास होता. त्याची गाठ त्यांनी अंगठ्याने चाचपली, मग दाढीवरून नख फिरवले आणि त्या मोठ्याने हसल्या.

“हा माझ्या मामाचा,” त्या म्हणाल्या. “ही गाठ स्नोशूच्या जाळीची आहे, आणि हा ओरखडा त्याच्या चाकूचा. खिळ्यावर बसला होता. घासून काढ म्हटले तर म्हणायचा, राहू दे, त्याने माझे मला ओळखता येते.”

मामा उन्हाळ्यात मासेमारीच्या तळावर वाटाड्याचे काम करीत, हिवाळ्यात वल्ही आणि स्नोशू करीत. रेल्वेत नोकरीला असलेला एक भाऊ मॅनिटोबातून पोती भरभरून साल आणून देई. संग्रहपालांनी विचारले, की मग हे आत्मे नेमके कोणते, त्यांची काही नावे आहेत का. बाईंनी चारही चेहरे ओळीने लावले.

“आत्मे कसले? ही गिऱ्हाइके आहेत. अमेरिकेतून मासे धरायला यायची ती माणसे. हा ओहायोचा डॉक्टर, बक्षिशी चांगली द्यायचा, म्हणून त्याला नाक बरे मिळाले. या दुसऱ्याने कधी काही दिले नाही. ‘आत्मा’ ही चिठ्ठी दुकानदाराने लावली, त्याने किंमत वाढायची. मामाला त्याचे काही नव्हते.”

संग्रहपाल काही बोलले नाहीत. मग त्यांनी थंडरबर्ड पुढे केला, बहुधा संभाषण सुरक्षित जागी न्यावे म्हणून. बाईंनी तो पाहिला, “मोठा आहे” असे म्हणाल्या आणि खाली ठेवला. लाल गाठोड्याजवळ मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. ते उघडायचे नाही, त्याचे छायाचित्र काढायचे नाही, क्ष-किरण तर नाहीच, आणि ते भांडारात इतर वस्तूंखाली दाबून ठेवायचे नाही, एवढेच त्यांनी सांगितले. त्यात काय असावे याचा अंदाज मला आहे, पण तो लिहिण्याचा अधिकार मला नाही.

त्यानंतर माझ्यापुढे नोंदपत्रक आले, आणि त्यातला ‘संस्कृती’ हा रकाना. अमेरिकेत 1990 च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार बिगरआदिवासी माणसाने केलेली वस्तू आदिवासींची म्हणून विकणे गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला 2,50,000 डॉलरपर्यंत दंड व पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा वस्तू कोणी केली हे पाहतो, नक्षी कोणती हे पाहत नाही, आणि त्या न्यायाने दाढीवाले चेहरे अस्सल ओजिब्वे ठरतात. कॅनडात असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच मॉरिसोंच्या नावावर खोटी चित्रे वर्षानुवर्षे खपत राहिली, आणि 2023 मध्ये पोलिसांनी आठ जणांना अटक करून हजाराहून अधिक चित्रे जप्त केली, तीही फौजदारी कायद्याच्या सर्वसाधारण कलमांखाली. ती खोटी चित्रे घेणारे लोक मूर्ख नव्हते. आदिवासी कला कशी दिसते याचे एक चित्र त्यांच्या मनात आधीच तयार होते, आणि समोरची वस्तू त्याच्याशी जुळत होती. आमचा थंडरबर्डही तसाच जुळतो. दाढीवाले जुळत नाहीत, म्हणून ते परतीच्या वाटेवर होते.

माझे आजोळ सावंतवाडीचे आहे. तिथल्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची सफरचंदे आणि द्राक्षे रंगवून विकतात, ती गिऱ्हाईक मागते म्हणून, आणि ती चितारआळीचीच नाहीत असे कोणी म्हणत नाही. ओजिब्वे कारागिराला ती सूट आम्ही देत नाही. त्याने आयुष्यभर देवच कोरावेत, अशी आमची अपेक्षा असते. सरोवराकाठच्या अगावा खडकावर गेरूने रंगवलेला शिंगवाला मिशिपेशू, पाण्याखालचा तो प्रबळ मनिदू, आजही दिसतो, आणि त्या चित्रकाराच्या वंशजाने ओहायोच्या डॉक्टरचे नाक कोरावे, हे आमच्या रकान्यात बसत नाही. आणखी एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. आत्म्याशी खरोखर संबंध असलेली एकच वस्तू त्या पेटीत होती, आणि तिच्याविषयी संग्रहालयाने काहीही न करणे हेच योग्य होते. माझे सगळे प्रशिक्षण काहीतरी करण्याचे आहे.

सध्याची स्थिती अशी आहे: चार चेहऱ्यांपुढे ‘ओजिब्वे, सुपीरियरचा उत्तर किनारा, विक्रीसाठी कोरलेली व्यक्तिचित्रे’ अशी नोंद झाली असून कारागिराचे नाव बाईंच्या कुटुंबाच्या संमतीने त्यात घातले आहे. पक्ष्यापुढे ‘कारागीर अज्ञात, जेलुटाँग, यांत्रिक कोरीवकाम, वुडलँड शैलीचे अनुकरण’ असे लिहिले आहे. गाठोडे बाईंच्या कुटुंबाकडे सुपूर्द करण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे, आणि त्याच्या नोंदीत छायाचित्राची जागा रिकामी असल्यामुळे संगणक दर आठवड्याला मला ‘नोंद अपूर्ण’ अशी सूचना पाठवतो. मूल्यनिर्धारकाला फेरमूल्यांकनाचे पत्र गेले आहे. त्याने उत्तरादाखल चेहऱ्यांची आणखी छायाचित्रे मागितली आहेत. मी त्याला इथे येऊन ते उलटे करून पाहण्याचे निमंत्रण दिले आहे. संग्रहपालांना उन्हाळ्यात दर्शनी दालनात अजूनही पक्षीच हवा आहे, आणि पुढच्या बैठकीत त्यावर आमचे भांडण ठरलेले आहे.