उत्तर येत होते, लिहिता येत नव्हते

घणसोलीतील ज्या मराठी शाळेत मी नववीला गणित शिकवते, तेथे घटक चाचणीसाठी ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण होते. वर्गात प्रश्न पुरा होण्याआधी हात वर करणारी एक मुलगी त्या दिवशी पहिल्याच उदाहरणावर अडून बसली. दोन संख्यांची बेरीज 12 आणि वजाबाकी 2. तिने समीकरणे अचूक मांडली, ‘क्ष बरोबर 7’ पर्यंत आली आणि ते खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले, इतके की खोडरबराने कागदाला भोक पडले.

पेपर गोळा झाल्यावर मी तिला जिन्यापाशी थांबवून तेच उदाहरण तोंडी विचारले. “सात आणि पाच, बाई,” ती लगेच म्हणाली. मग लिहिले का नाहीस, यावर मात्र बराच वेळ गप्प राहिली. मोठा भाऊ दहावीला गणितात नापास झाला होता. वडील वाशीच्या बाजारात माथाडी कामगार. निकालापासून घरात गणिताचे नाव निघाले की ते ताटावरून उठत. पेन हातात घेतले की दादाची गुणपत्रिकाच दिसते, असे तिने सांगितले.

उदाहरणाच्या मधल्या पायऱ्या तात्पुरत्या धरून ठेवणारी कार्यस्मृती मुळातच तोकडी असते आणि काळजी नेमकी तीच जागा अडवते, त्यामुळे येत असलेली रीतही ऐनवेळी सुचत नाही. परीक्षेची धास्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी पेपरपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर उतरवली तर गुण सुधारतात, असे रामिरेझ आणि बाइलॉक या अमेरिकी संशोधकांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले होते. फेरचाचणीपूर्वी मी तिला कोरे पान दिले आणि ते कोणी वाचणार नाही, असे सांगितले. तिने दोन्ही बाजू भरून पान दप्तरात टाकले. शिक्षकखोलीत “हे लाड” अशी शेरेबाजी झालीच. थोड्या ताणाने मूल सावध होते हे खरे. पण या मुलीचा ताण थोडा नव्हता.

तिला 20 पैकी 13 गुण मिळाले. त्यात त्या पानाचा वाटा किती आणि जिन्यावरच्या बोलण्याचा किती, हे ठरवता येणार नाही. पालकसभेला वडील आले, तेव्हा तिच्या गुणांविषयी त्यांनी फारसे विचारले नाही. मोठा पुन्हा गणिताला बसतोय, त्याच्याकडेही जरा बघाल का, एवढेच ते म्हणाले. तो आता शनिवारी शाळा सुटल्यावर येतो.