सात क्लब घेऊन नालदेहऱ्याला: नाशिककर गोल्फप्रेमींसाठी

पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या गोल्फ कोर्सवर खेळायचे तर सभासदत्व तरी हवे, नाहीतर एखाद्या सभासदाची ओळख तरी. आमच्या नाशकात ज्याला सगळे 'गोल्फ क्लब' म्हणतात, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि रणजीचे सामनेही झाले आहेत, गोल्फ मात्र तिथे कोणी खेळत नाही. म्हणूनच सिमल्याजवळच्या नालदेहऱ्याला शुल्क भरून कोणालाही खेळता येते हे समजल्यावर आम्ही चौघांनी ऑक्टोबरच्या उत्तरार्धाचा बेत ठरवला. आमच्यातले ज्येष्ठ म्हणजे नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले अण्णा, आणि सामानाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

साईनगर शिर्डीहून निघणारी कालका गाडी मनमाडला पकडली की मधे कुठे बदलावे लागत नाही. मात्र ती रोज नसते, त्यामुळे आधी तिचे वार पाहून मगच रजा टाकावी. तिचे आरक्षण मिळाले नाही, तर नाशिक रोडहून दिल्ली गाठून पुढे जाता येते. कालक्याहून सिमल्यापर्यंतची छोटी गाडी १९०३ मध्ये सुरू झाली. ९६ किलोमीटरच्या या मार्गावर १०२ बोगदे आहेत आणि रुळांमधले अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर आहे. डबा त्याच मापाचा असल्याने गोल्फची पूर्ण भरलेली बॅग ठेवायची कुठे, हा प्रश्न गाडीत चढताच उभा राहतो. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) बाळगता येतात, पण किमान किती असावेत यावर बंधन नाही. अण्णांनी निघण्यापूर्वीच प्रत्येकाला सातची मर्यादा घालून दिली होती: एक हायब्रिड, ५, ७ आणि ९ नंबरच्या आयर्न, दोन वेज आणि पटर. सात क्लबची पातळ पिशवी पायांशी आडवी मावते, आणि नालदेहऱ्याला याहून जास्त काही लागतही नाही. सगळेच भाड्याने घ्यायचे असेल, तर निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे; डावखुऱ्यांनी तर नक्कीच.

सिमल्याहून ढली आणि मशोबरामार्गे नालदेहरा साधारण २२ किलोमीटर आहे. बस मिळते, पण सकाळी लवकर खेळायचे असेल तर टॅक्सी करावी किंवा सरळ नालदेहऱ्यालाच मुक्काम करावा. हिमाचल पर्यटन महामंडळाचे 'गोल्फ ग्लेड' हे हॉटेल तिथेच आहे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना ही जागा इतकी आवडली होती की १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलीच्या नावात त्यांनी 'नालदेरा' घातले. या कोर्सची सुरुवातही त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर, देवदारांच्या दाटीत वसलेल्या या कोर्सचा पार, म्हणजे १८ होलसाठी अपेक्षित फटक्यांचा आकडा, ६८ आहे. नेहमीच्या ७२ च्या तुलनेत हा आकडा सोपा वाटतो, आणि फसगत इथेच होते. फेअरवे (चेंडू पुढे न्यायच्या गवताच्या पट्ट्या) अरुंद आणि उतरते आहेत, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) लहान आहेत, आणि चेंडू जरा बाजूला गेला की देवदाराच्या खोडावर आपटून कुठल्या कुठे जातो. पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात) आमच्यापुढे खेळणाऱ्या दिल्लीच्या एका गृहस्थांनी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, बाहेर काढला, तेव्हा त्यांचा कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) शांतपणे म्हणाला, "साहब, इसको आज आराम करने दीजिए." त्यांनी ऐकले नाही, चेंडू झाडांत गेला आणि खट्ट असा आवाज तेवढा मागे आला. कॅडीशिवाय इथे खेळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टीवरून दरी दिसते, ग्रीन दिसत नाही, असे प्रसंग येतात आणि तिथे त्याचे बोट ज्या झाडाकडे जाईल तिकडेच मारणे शहाणपणाचे असते.

अंतराचा हिशेब आधी करून ठेवावा. उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडूला अडथळा कमी होतो. नाशिक सहाशे मीटरच्या आतबाहेर असल्याने, तिकडच्या मानाने इथे चेंडू सुमारे सहा टक्के लांब जातो. म्हणजे आपल्याकडे १५० यार्ड जाणारी आयर्न इथे १५९ यार्डांच्या आसपास नेते. सकाळच्या गारठ्यात मात्र थंड चेंडू कमी उडतो, त्यामुळे पहिले काही होल हा फायदा फारसा जाणवत नाही. ग्रीन खूप खाली असेल, तर आणखी एक पायरी कमी अंतराचा क्लब घ्यावा.

सपाट मैदानावर सराव केलेल्या आमच्यासारख्यांना खरा त्रास होतो तो पायांखालच्या उताराचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पावलांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे जातो; निशाणा त्या मानाने उलट बाजूला धरावा आणि फटका पाऊणच मारावा. झाडांखाली देवदाराच्या वाळलेल्या काड्यांचा थर असतो. तो हलक्या हाताने बाजूला करायला नियमाची परवानगी आहे, पण तसे करताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो. त्या थरावर चेंडू इतका अलगद बसलेला असतो की चार काड्या उचलेपर्यंत पाचवी त्याला घेऊन घसरते. तेव्हा काड्यांना हात न लावता तसाच, आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागेल असा फटका मारणे बरे. पटिंग करताना, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवताना, ग्रीन खालच्या बाजूने उभे राहून पाहावे. डोळ्यांना सपाट वाटले तरी चेंडू बहुधा दरीकडे ओढला जातो. एखाद्या ग्रीनवर पुन्हा यावे लागले, तर पहिल्या वेळी लक्षात ठेवलेला उतार कामी येतो.

कोर्सच्या मधोमध महुनागाचे मंदिर आहे. भाविक, सहलीला आलेली कुटुंबे आणि घोड्यांवरून फिरणारे पर्यटक असे सगळेच आसपास असतात. समोर माणूस दिसत असेल तर थांबावे. "फोर" (चेंडू येतोय, सावध) असे ओरडून भागत नाही, कारण सहलीला आलेल्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. माकडेही आहेत, त्यामुळे खाऊचा डबा उघडा ठेवू नये.

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सोयीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे रस्ता आणि रेल्वे दोन्हींची खात्री नसते, आणि हिवाळ्यात बर्फ पडते. एवढ्या उंचीवर सहसा गंभीर त्रास होत नाही, पण चढावर दम लागतो. साठी ओलांडलेल्यांनी पोहोचल्याच्या दिवशी न खेळता थोडे चालून यावे. झाडांमुळे दुपारीच सावल्या लांबतात, म्हणून १८ होल खेळायचे असतील तर नऊपूर्वी सुरुवात करावी. बरोबर न खेळणारी मंडळी असतील, तर त्याच रस्त्याने पुढे सतलजकाठचे तत्तापानी आहे; तिथले नदीकाठचे मूळ गरम पाण्याचे झरे मात्र आता कोल धरणाच्या पाण्याखाली गेले आहेत. खेळ संपेपर्यंत त्यांचा दिवस चांगला जातो. टॅक्सी मात्र दोन वेगवेगळ्या कराव्यात.