पास आहे का?

मे महिन्यातला शुक्रवार, दुपारचे साडेबारा. या वेळेला आमच्या गल्लीत भंगारवालासुद्धा ओरडत नाही. अशा उन्हात भाचा सायकल हाणत आला आणि पाणी पिण्याआधीच म्हणाला, "मामा, तुमचं डेबिट कार्ड परदेशात चालतं न्हवं? सात डॉलर पाहिजेत."

"काय करलालास बे? कुठं गुंतवलालास पैसे?"

गुंतवत नव्हता. गाणी विकत घेत होता. गाणी म्हणजे त्याच्या भाषेत मेटल, कर्कश गिटारींचं रॉक संगीत. आमच्या हिच्या भाषेत, मिक्सरमध्ये चमचा राहिल्यावर जे होतं ते. बंगळुरूच्या चार पोरांचा बँड. त्यांचा हा अल्बम भाच्यानं फुकटात चाळीसेक वेळा तरी ऐकला असेल. मग सहाशेच्या आसपास रुपये घालून तोच परत विकत कशाला घ्यायचा? मी सोलापूरकर आहे. हा प्रश्न मला पडणारच.

त्यानं मला हिशेब सांगितला. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर 2024 पासून नियमच आहे, की बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळाही वाजलं नाही, तर त्या गाण्याचा छदाम मिळत नाही. हजाराच्या वर गेलं तरी एकेका वाजण्यामागे पैशांचा नुसता भुगा. ज्याचे ऐकणारेच पाच-सातशे, त्यानं काय करायचं? तर बँडकॅम्प नावाच्या दुकानात माल मांडायचा. तिथं डिजिटल अल्बमवर दुकानाचा वाटा 15 टक्के. आणि अधूनमधून एक शुक्रवार असा येतो, की दुकान आपला वाटा सोडून देतं. करोनात, मार्च 2020 मध्ये, कार्यक्रम बंद पडले तेव्हा ही प्रथा सुरू झाली. साडेबाराचं गौडबंगालही तेव्हाच उलगडलं. या दिवसांत कॅलिफोर्नियात मध्यरात्री शुक्रवार लागला, की आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. पोरगं घड्याळ लावून बसलं होतं.

"सगळ्यात जास्त पैसे कशात सुटतात माहितीये मामा? टी-शर्टात."

हे मात्र मला लगेच पटलं. चादरी, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशांवर जगणाऱ्या गावात, गाण्याचा धंदासुद्धा शेवटी कापडावरच येऊन टेकतो, यात नवल ते काय!

कार्ड देता देता मला माझी कॅसेटची वर्षं आठवली. आम्हीही गाण्याला पैसे मोजायचो की. वहीच्या पानावर आवडत्या गाण्यांची यादी करायची, कोरी साठची नाहीतर नव्वदची कॅसेट घ्यायची आणि दोन्ही दुकानात नेऊन द्यायचं. चार दिवसांनी भरलेली कॅसेट हातात. शेवटचं गाणं निम्म्यात तुटलेलं, पण तक्रार नाही. त्या पैशातून कोरी कॅसेट बनवणाऱ्याला मिळाले, दुकानदाराला मिळाले. ज्यानं गळा झिजवला त्याला काय मिळालं, हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. आणि मी स्वतःला गाण्याचा दर्दी समजत होतो!

दर्दी असल्याचा आमचा पुरावा एकच असतो, तो म्हणजे पास. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम लागला, की सोलापुरात पहिला प्रश्न कोण गातंय हा नसतो. "पास आहे का?" हा असतो. नाटकाला पास, बैठकीला पास. तिकीट काढणारा म्हणजे ज्याची कुठं ओळख नाही असा बिचारा माणूस.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पासावर सुंदरी ऐकायला गेलो होतो. नवख्यांसाठी सांगतो, सुंदरी हे वाद्य आहे. सनईची धाकटी बहीण म्हणा. आकारानं लहान, आवाजानं चढी आणि गोड. सनई मांडवभर पसरते, सुंदरी कानाशी येऊन बोलते. अक्कलकोटच्या राजेसाहेबांनी तिला हे नाव दिलं असं सांगतात. आमच्या सोलापुरातल्या जाधवांच्या घरानं ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. चिदानंद जाधव, भीमण्णा जाधव ही नावं गाणं ऐकणाऱ्यांना ठाऊक असतात. मेटलला निदान जगभर ऐकणारे आहेत. सुंदरीचं गोकुळ केवढं? बोटांवर मोजण्याइतकं. आणि ते आमच्या गावात.

त्या संध्याकाळी पुढच्या तीन रांगा आम्हा पासवाल्यांच्या. आलाप रंगात आला आणि माझ्या शेजारचे गृहस्थ मोबाइलवर कांद्याचा भाव बघायला लागले. मध्यंतरात चहा झाला आणि पुढच्या रांगा जवळजवळ रिकाम्या झाल्या. मीही उठलो होतो, खोटं कशाला बोलू. दारातून मागं वळून पाहिलं, तर मागच्या रांगांतले तिकीटवाले तसेच बसलेले. खिशातून पैसे गेले की माणूस भैरवीपर्यंत हलत नाही. मी दारातच रेंगाळलो आणि मग मागं, त्यांच्यातच जाऊन बसलो.

कार्यक्रमानंतर साथीला बसलेल्या तरुण पोराला काहीतरी द्यावं असं फार वाटलं. पण द्यायचं कसं? शंभराची नोट हातात कोंबायची म्हणजे त्याला वाढप्यासारखं वागवल्यासारखं होतं. बिदागी हा शब्द मला येतो, पण ती द्यायची रीत माझ्या हाताला नाही. शेवटी "छान हं" म्हणून आलो. "छान हं"ला कुठं सुट्टे मिळत नाहीत.

लग्नातही तेच. पूर्वी सनई-चौघड्याला सुपारी द्यायचे. आता मंगल कार्यालयात स्पीकरवर कुणाची तरी सनई लावून ठेवतात. मंगलाष्टकं चालू असताना मध्येच जाहिरात लागलेलीही मी ऐकली आहे. लग्नाचा खर्च लाखांत, पण वाजवणारा जिवंत माणूस परवडत नाही म्हणे.

असो. तर कार्ड भाच्याच्या हातात होतं. त्यानं पान उघडून दाखवलं. अल्बमच्या खाली विकत घेणाऱ्यांची बारकी बारकी चित्रं. फिनलंडचा कुणी, ब्राझीलचा कुणी. मी चष्मा सावरून बघतच राहिलो.

"अरे, ही तर दौलतजादा!"

त्याला शब्द माहीत नव्हता. शाहीर राम जोश्यांच्या गावातलं, मोडनिंबच्या कलाकेंद्रांपासून तासा-दीड तासावर राहणारं पोरगं, आणि दौलतजादा माहीत नाही. मग मी सांगितलं. फडात पैसे यायचे, लावणी थांबायची, अमक्या गावच्या अमक्या पाटलांकडून इतके रुपये, असं नाव पुकारलं जायचं आणि पाटलांच्या मिशीला पीळ पडायचा. त्यात रग होती, माज होता, नको ते पुष्कळ होतं. पण पैसे कुणी दिले आणि कुणाला दिले, हे साऱ्या तंबूला दिसायचं. मधल्या काळात आपण ते दिसणंच घालवून बसलो होतो.

"म्हणजे माझंबी नाव येणार मामा खाली," तो खुशीत म्हणाला.

"कार्ड माझं आहे. माझं येऊ दे."

पुढं कळलं, की सात डॉलर ही कमीत कमी रक्कम. वर कितीही टाकता येतात. "किती टाकू?" त्यानं विचारलं. आठ मला बरे वाटेनात. दहा म्हणजे गोल आकडा, तो आपल्यात कुणी देत नाही.

"अकरा टाक."

बटण दाबलं. ओटीपी आला. ही स्वयंपाकघरातून विचारत होती, कसले पैसे गेले, मेसेज आलाय. मी म्हटलं, आहेर केला. कुणाचं लग्न, हे तिनं दोनदा विचारलं.

संध्याकाळी भाचा फोन नाचवत परत आला. बँडकडून उत्तर आलं होतं. आधी आभार मानले होते. मग पुढं विचारलं होतं, की तुमचे चार डॉलर जास्त आले आहेत, चुकून टाकलेत का, परत पाठवू?

"काय लिहू मामा?"

"लिही, एक तो शकुनाचा आहे," मी म्हटलं. "आणि टी-शर्टाचा कपडा कुठनं घेतात, तेही विचार."